विमानतळ, पर्यावरण मंजुरी आणि गावचं पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विमानतळ नवा होणार असो की जुन्याची धावपट्टी वाढणार असो, आसपासच्या गावांतून येणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. मोबदल्यावर खूप बोललं जातं, पाण्यावर कमी. आणि पाण्याचा विषय निघतो तेव्हा मंजुरी बहुधा हातातून निसटलेली असते. म्हणून इथं फक्त पाण्याचे प्रश्न घेतले आहेत. उदाहरणं मुख्यतः दोन आहेत: गोव्याच्या पेडणे तालुक्यातला मोपा आणि रायगड जिल्ह्यातला नवी मुंबई विमानतळ. पहिला कातळाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, उभा आहे, दुसरा खाडीच्या काठी भराव टाकून.

विमानतळाला पर्यावरणाची कोणती परवानगी लागते आणि ती कोण देतं?

मुख्य परवानगी म्हणजे पर्यावरण मंजुरी. सरकारी कचेऱ्यांत तिला सगळे ‘ईसी’ म्हणतात. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेनुसार प्रवासी विमानतळ ‘अ’ वर्गात येतो, म्हणजे निर्णय दिल्लीत, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयात होतो. तज्ज्ञांची एक समिती अहवाल तपासते, शिफारस करते आणि मंत्रालय आदेश काढतं.

पण ही एकटीच परवानगी नव्हे. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्याखाली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनारी क्षेत्राच्या नियमांखालची परवानगी, वनजमीन असेल तर वन खात्याची. महाराष्ट्रात कांदळवन तोडायचं असेल तर मुंबई उच्च न्यायालयाचीही परवानगी लागते. यातल्या प्रत्येक टप्प्यावर कागद तयार होतो आणि प्रत्येक कागद मागता येतो. बरेचसे तर मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर न मागताच मिळतात.

आमच्याकडे नवा विमानतळ नाही, फक्त विस्तार आहे. मग मंजुरी लागत नाही, असं अधिकारी सांगतात. खरं आहे का?

सरसकट खरं नाही. मंजुरीच्या पत्रात वर्षाला किती प्रवासी, किती क्षेत्र, किती धावपट्ट्या हे लिहिलेलं असतं. त्या आकड्यांच्या पुढे जायचं असेल तर आधी पुन्हा मंत्रालयाकडे जावं लागतं. नवी मुंबईची २०१० ची मंजुरी वर्षाला ६ कोटी प्रवाशांसाठी होती, आता अंतिम क्षमता ९ कोटींची सांगितली जाते. एवढ्या फरकाचा पाण्याच्या मागणीवर आणि सांडपाण्यावर परिणाम होणारच.

विस्ताराच्या अर्जात एक मेख आहे. नव्याने अभ्यास करायचा का, जनसुनावणी घ्यायची का, हे बऱ्याचदा तज्ज्ञ समिती ठरवते. त्यामुळे समितीची बैठक होण्याआधीच ग्रामपंचायतीचं निवेदन तिच्यापर्यंत पोचलेलं बरं. बैठकीची विषयपत्रिका परिवेशवर आधी लागते. ती पाहायची सवय गावातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला लावा.

विमानं आकाशात उडतात. पाणी कसं बिघडेल?

हा प्रश्न जनसुनावणीत हमखास येतो, कधी कधी मंचावरूनही.

आधी बांधकामाचा काळ घ्या. डोंगर फोडायचा, सपाटी करायची, भराव टाकायचा. पहिल्याच पावसात ती सुटी माती ओढ्याला मिळते. गढूळ पाण्याने भातखाचरात गाळ बसतो, व्हाळातले मासे कमी होतात, विहिरी गढूळ होतात. सुरुंगांमुळे कातळातल्या भेगा सरकल्या की झऱ्याचं पाणी वाट बदलू शकतं. या काळात होणारं नुकसान सर्वांत जास्त दिसतं आणि सर्वांत कमी मोजलं जातं.

मग बांधकाम झाल्यावर. धावपट्टी, विमानं उभी करायची जागा, रस्ते, पार्किंग, छपरं ही सगळी कठीण जमीन, तीत पाणी मुरत नाही. १०० हेक्टर कठीण जमिनीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर १० कोटी लिटर पाणी होतं. कोकणात असा पाऊस एका दिवसात पडतो. हे पाणी पूर्वी जमिनीत जायचं, आता नाल्यात जाणार. नाल्याची वहनक्षमता कोणी आणि कोणत्या वर्षीच्या पावसावर काढली, हा पूर आणि कोरडी विहीर या दोन्हींचा प्रश्न आहे. पावसात जे जादा वाहतं ते उन्हाळ्यात विहिरीत नसतं.

त्याच पाण्याबरोबर इंधनाचा तवंग, ग्रीस, टायरच्या रबराची भुकटी, धुण्याचे साबण जातात. तेल वेगळं काढणारे सापळे बसवलेले असतात, पण पावसाळ्याच्या लोंढ्यात ते अपुरे पडतात का हे पाहायला जूनच्या पहिल्या आठवड्यातच जावं लागतं. शिवाय रोज हजारो माणसांचं सांडपाणी आहे. ते प्रक्रिया करून पुन्हा वापरू असं अहवालात लिहिलेलं असतं. खरोखर किती वापरलं जातं आणि किती सोडलं जातं, त्याचे मीटरचे आकडे मागा.

आणि आग विझवायचा फेस. त्यावर खाली स्वतंत्र लिहिलं आहे.

फॉर्म १ म्हणजे काय? त्याला एवढं महत्त्व का?

प्रकल्प करणाऱ्याने सुरुवातीला भरायचा अर्ज. कोणत्या गोष्टींचा अभ्यास करायचा हे समिती या अर्जावरून ठरवते, त्याला ‘टीओआर’ म्हणतात. अर्जात एक मोठा भाग संवेदनशीलतेचा आहे. प्रकल्पाच्या हद्दीपासून १५ किलोमीटरच्या आत ओढे, तळी, पाणथळ जागा, भूजल, जंगल, डोंगर, संरक्षित प्रजातींची वस्ती काय आहे, ते तिथं सांगायचं असतं. या रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं गेलं की त्या ओढ्याचा अभ्यासच होत नाही. अभ्यास नाही म्हणून परिणाम नाही, परिणाम नाही म्हणून अट नाही. पुढं पाच वर्षांनी तुम्ही गढूळ पाण्याची बाटली घेऊन गेलात तर तो ओढा कागदावर नसतोच.

म्हणून माझा आग्रह एकच आहे: पाण्याचं भांडण फॉर्म १ आणि टीओआरच्या वेळीच सुरू करा. गावाला त्या वेळी कोणी बोलवत नाही, हे खरं आहे. पण अर्ज पोर्टलवर पडलेला असतो. त्यातला पाण्याचा रकाना आणि गावाचा नकाशा शेजारी ठेवून बसा. प्रत्येक व्हाळ, झर, तळी, विहीर नावानिशी लिहा, सर्व्हे नंबर टाका, ग्रामसभेचा ठराव करा आणि तो तज्ज्ञ समितीच्या सदस्य सचिवांना पाठवून पोच घ्या.

मोप्यात नेमकं काय झालं?

मोपा म्हणजे पेडण्यातला जांभ्या दगडाचा सडा. उन्हाळ्यात पाहिलं तर काळा, करपलेला माळ. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला ही ‘पडीक जमीन’ वाटते आणि अहवालांतही असे सडे पडीक म्हणून नोंदले जातात. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यातलं पाणी तो पोटात घेतो आणि उतारावरच्या झऱ्यांतून महिनोन्महिने सोडतो. पायथ्याची कुळागरं (सुपारीच्या बागा), काजूच्या बागा, वायंगण (पावसाळ्यानंतरची भात) शेती त्या पाण्यावर उभी असते. सड्यावर काय केलं याचा हिशेब पायथ्याला द्यावा लागतो, हे कोकणातल्या आणि गोव्यातल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागत नाही.

कागदाचा प्रवास असा झाला. २०११ मध्ये टीओआर ठरले, फेब्रुवारी २०१५ मध्ये जनसुनावणी झाली, २८ ऑक्टोबर २०१५ रोजी मंजुरी मिळाली. तिच्याविरुद्ध एक स्थानिक रहिवासी आणि ‘फेडरेशन ऑफ द रेनबो वॉरियर्स’ ही संस्था पर्यावरणाचे वाद ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादात गेली. लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये काही जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. मग प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२९ मार्च २०१९ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. हेमंत गुप्ता यांच्या पीठाने मंजुरी स्थगित केली. कारणं वाचण्यासारखी आहेत. फॉर्म १ मध्ये आवश्यक माहिती दिली नव्हती. सीमेपलीकडे सिंधुदुर्गात, १५ किलोमीटरच्या परिघात येणारी पश्चिम घाटातली संवेदनशील क्षेत्रं अर्जात नव्हती. झाडांची माहिती नीट दिली नव्हती, आणि प्रत्यक्षात तोडायची झाडं निघाली ५४ हजारांहून जास्त. तज्ज्ञ समितीने नुसती शिफारस केली, पण का केली याची कारणं लिहिली नाहीत. न्यायालयाने समितीला पुन्हा विचार करायला सांगितलं.

समितीने एप्रिल २०१९ मध्ये पुन्हा शिफारस केली, वाढीव अटींसह. १६ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने स्थगिती उठवली आणि अटींच्या पालनावर देखरेख करायला नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेला नेमलं, खर्च प्रकल्पाने करायचा. ११ डिसेंबर २०२२ रोजी मोप्याच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्‌घाटन झालं, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू झाली.

म्हणजे शेवटी विमानतळ झालाच. मग खटल्याचा उपयोग काय झाला?

हा प्रश्न दुःखातून येतो आणि त्याचं गोड उत्तर माझ्याजवळ नाही. तोडलेली झाडं परत आली नाहीत. पण साडेनऊ महिने काम थांबलं, अटी वाढल्या, बाहेरच्या संस्थेची देखरेख आली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फॉर्म १ मधल्या लपवाछपवीवरून मंजुरी रोखता येते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात लिहिलं गेलं. आज कुठल्याही गावाला आपल्या हरकतीत हा निकाल दाखवता येतो. या निकालाचा खरा धडा वेळेचा आहे. जे २०१९ मध्ये न्यायालयाने विचारलं, ते २०११ मध्ये समितीने विचारलं असतं तर आराखडा बदलता आला असता.

आराखडा बदलल्याचं एखादं उदाहरण आहे का?

आहे, आणि ते महाराष्ट्रातच आहे. नवी मुंबई विमानतळाची जागा १,१६० हेक्टर, गाढी आणि उलवे या नद्यांच्या मुखाशी, पनवेलच्या खाडीला लागून. जागेत कांदळवन होतं, भरतीचं पाणी जाण्यायेण्याच्या वाटा होत्या, मध्ये सुमारे ९० मीटर उंच टेकडी होती. सीआरझेडच्या नियमात इथं विमानतळ बसत नव्हता, म्हणून मे २००९ मध्ये नियमातच दुरुस्ती झाली. तरीही पर्यावरण मंत्रालयाने, तेव्हा जयराम रमेश मंत्री होते, सिडकोचा (नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीचा) आराखडा जसाच्या तसा मान्य केला नाही. दोन धावपट्ट्यांमधलं अंतर १,८०० मीटरवरून १,५५० मीटरवर आणलं गेलं. त्यामुळे गाढी नदी वळवायची गरज उरली नाही आणि कांदळवनाचं नुकसान कमी झालं. २२ नोव्हेंबर २०१० रोजी मंजुरी निघाली.

उलवे नदीचं मात्र पात्र बदललं. तब्बल ९८ हेक्टर कांदळवन जागेत गेलं. त्याच्या बदल्यात दुसरीकडे लागवड आणि संरक्षण करायच्या अटी आल्या. टेकडी कापली, जमीन काही मीटर उचलली. पुढं पावसाळ्यात पारगाव-डुंगीच्या बाजूला घरांत पाणी शिरल्याच्या तक्रारी सुरू झाल्या. खाडीकाठच्या आगरी-कोळी माणसाला यात नवल वाटलं नाही. भरतीच्या पाण्याला पसरायची जागा उरली नाही की ते दुसरी जागा शोधतं, हे तो लहानपणापासून बघतो.

एकाच प्रकल्पातल्या दोन नद्या. मंजुरीआधी जिच्यासाठी आराखड्याची रेघ हलली ती गाढी वाचली. जिचा प्रश्न अटींवर सोडला त्या उलव्याचं पाणी आज मानवनिर्मित वाटेने जातं.

अहवालात पाण्याचे नमुने घेतलेले आहेत, सगळं ‘मर्यादेत’ आहे. आता काय बोलायचं?

तारखा बघा. विमानतळासारख्या प्रकल्पांच्या टीओआरमध्ये साधारणपणे एका हंगामाची मोजणी मागितली जाते आणि तो हंगाम पावसाळ्याव्यतिरिक्तचा असतो. म्हणजे तीन महिने, बहुधा हिवाळा किंवा उन्हाळा. ज्या प्रदेशात वर्षाचं जवळजवळ सगळं पाणी चार महिन्यांत पडतं, तिथं ते चार महिने वगळून पाण्याचा अभ्यास करायचा, हे मला आजही पटत नाही. नियम किमान मोजणी सांगतो, जास्त मोजायला मनाई करत नाही. ‘पावसाळा धरून वर्षभराची मोजणी करा’ ही मागणी टीओआरच्या वेळी लेखी करता येते, आणि केलीच पाहिजे.

मग जागा बघा. नमुना कुठल्या विहिरीचा, प्रकल्पाच्या वरच्या अंगाची की खालच्या? ओढ्यात पाणी विमानतळाच्या जागेआधी घेतलं की नंतर? खाडीत भरतीला घेतलं की ओहोटीला? भरतीला खाडीचं पाणी समुद्राच्या पाण्याने पातळ झालेलं असतं, त्यामुळे एकट्या भरतीच्या नमुन्यावर विश्वास ठेवू नका.

शेवटी काय मोजलं ते बघा. पिण्याच्या पाण्याचं मानक आय.एस. १०५०० आहे. त्यात सामू (पीएच) ६.५ ते ८.५, नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत, विरघळलेले क्षार ५०० पर्यंत ठीक आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतात, गढूळपणा १ आणि फार तर ५ एकक. नदीत अंघोळीयोग्य पाण्याला विरघळलेला प्राणवायू लिटरला किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (घाण कुजताना लागणारा प्राणवायू) ३ पेक्षा जास्त नको. अहवालात ओढ्याच्या पाण्याची तुलना कुठल्या मानकाशी केली आहे, ते तपासा. सांडपाणी सोडायच्या मानकाशी ओढ्याची तुलना केली की कुठलाही ओढा स्वच्छ ठरतो. आणि विमानतळाचा अभ्यास असून तेल-ग्रीस मोजलेलं नसेल तर त्यावर हरकत घ्या.

विहिरीचं पाणी आधी चांगलं होतं, हे नंतर कसं सिद्ध करायचं?

आजपासून मोजायला लागा. पुणे जिल्ह्यातल्या पुरंदरसारख्या ठिकाणी, जिथं विमानतळाच्या जमीन संपादनावरून वाद झाला, तिथल्या लोकांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं. जमिनीचं काय व्हायचं ते होईल, विहिरींची वही आत्ताच सुरू करा. ही वही विमानतळाच्या बाजूने असलेल्या शेतकऱ्यालाही तितकीच उपयोगी आहे.

पाण्याची पातळी मोजायला दोरी आणि वजन पुरतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते: जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. त्याच महिन्यांत तुम्ही मोजलंत तर तुमचे आकडे सरकारी आकड्यांशेजारी ठेवता येतात. तुमच्या तालुक्यातल्या निरीक्षण विहिरींचे जुने आकडे माहिती अधिकारात मागवून ठेवा.

गुणवत्तेसाठी दोन पातळ्या ठेवा. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी संच चालवायचं प्रशिक्षण दिलं आहे. तो संच पाणी बिघडतंय का याची कुणकुण लागायला उत्तम. लवादापुढे ठेवायचा आकडा मात्र मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा हवा. नमुना घेताना बाटली त्याच पाण्याने विसळा. जंतूंच्या तपासणीला मात्र प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली वापरा, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोचवा. तेल-ग्रीससाठी काचेची बाटली लागते, प्लॅस्टिकला तेल चिकटतं आणि आकडा कमी येतो, आणि तीही न विसळता थेट भरायची. प्राणवायू जागेवरच मोजायचा किंवा रसायन घालून स्थिर करायचा. तारीख, वेळ, ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशासह फोटो, आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, आणि दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं प्रत्येक वेळी.

प्रदूषण नियंत्रण मंडळाकडूनही नमुना घ्यायला लावा. उपप्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी तक्रार द्या आणि संयुक्त पाहणी मागा. पाणी गढूळ असेल तेव्हाच, त्याच दिवशी. आठ दिवसांनी येणाऱ्या अधिकाऱ्याला स्वच्छ ओढा दिसतो.

जनसुनावणीत काय बोलावं? आमच्याकडे दोन मिनिटंसुद्धा देत नाहीत.

बोलण्याआधी लिहा. लेखी हरकत नोटिशीनंतरच्या ३० दिवसांत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे देता येते आणि तिला मौखिक बोलण्याइतकंच वजन आहे. सुनावणीचं पूर्ण चित्रीकरण व्हायला हवं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी दर्जाचा प्रतिनिधी हवा, आणि इतिवृत्त तिथल्या तिथे स्थानिक भाषेत वाचून दाखवायला हवं. हे झालं नाही तर तसं लेखी नोंदवा.

अहवालाचा सारांश मराठीत मिळतो, मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असतो. ज्यांचं पाणी जाणार त्यांना वाचता न येणाऱ्या भाषेत तो द्यायचा, हा अन्याय आहे. पण तो बदलेपर्यंत निदान पाण्याचं आणि नैसर्गिक निचऱ्याचं प्रकरण कोणाकडून तरी वाचून घ्या. गावातल्या एखाद्या शिक्षिकेला, इंजिनियर झालेल्या पोराला सांगा.

बोलायला उभं राहिल्यावर एकच मुद्दा घ्या आणि उत्तर मागा. ‘आमच्या वाडीचा झरा पान क्रमांक अमुकच्या नकाशात का नाही?’ असा प्रश्न इतिवृत्तात गेला की त्याचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं. नुसत्या घोषणा इतिवृत्तात ‘स्थानिकांचा विरोध’ या दोन शब्दांत संपतात.

मंजुरी निघाली. आता किती दिवस आहेत?

३० दिवस. हरित लवाद कायद्याच्या कलम १६ खाली अपील ३० दिवसांत करायचं. उशिराचं योग्य कारण दाखवलं तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत मुभा देऊ शकतो. त्यानंतर एक दिवसही नाही, कारण कितीही खरं असलं तरी. मंजुरी मिळाल्याची जाहिरात स्थानिक वृत्तपत्रांत द्यायची आणि प्रत ग्रामपंचायतीला पाठवायची असते. ग्रामसेवकाकडे ती आली का, हे रोज विचारा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हींसाठी लवादाचं पीठ पुण्यात आहे.

मंजुरीआधीच काम सुरू झालं तर?

फोटो, तारीख, ठिकाण घेऊन लगेच तक्रार करा. ‘काम आधी, मंजुरी नंतर’ या प्रकाराला सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०२५ च्या वनशक्ती निकालात मनाई केली होती. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा बहुमताने तो निकाल मागे घेतला. त्यामुळे त्या निकालावर विसंबून गप्प बसू नका.

अटी तर भरपूर घातल्या आहेत. त्या पाळल्या जातात का ते कोण बघतं?

कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, पालन अहवाल द्यायचा असतो. तो संकेतस्थळावरही ठेवावा लागतो. महाराष्ट्रातल्या प्रकल्पांवर मंत्रालयाचं नागपूरचं प्रादेशिक कार्यालय लक्ष ठेवतं. त्यांच्याकडे माणसं थोडी आणि प्रकल्प पुष्कळ.

म्हणून तो अहवाल गावाने वाचायचा. अटीसमोर ‘पालन केले’ एवढंच लिहिलं असेल तर ते उत्तर नव्हे. ओढ्याच्या नमुन्याचा आकडा कुठे आहे, सांडपाणी केंद्राच्या मीटरची नोंद कुठे आहे, पर्जन्यजल मुरवायचे खड्डे किती झाले आणि कुठे, ते विचारा. तुमच्या वहीतला आकडा आणि त्यांच्या अहवालातला आकडा जुळत नसेल, तर तक्रारीचा पाया तिथेच तयार झाला.

परदेशात हे वेगळ्या पद्धतीने होतं का?

अमेरिकेतलं सिॲटल-टॅकोमा विमानतळाचं प्रकरण माहीत असावं असं आहे. तिथं तिसरी, ८,५०० फुटांची धावपट्टी करायची होती आणि त्यासाठी दरीत प्रचंड भराव. जवळून मिलर, वॉकर आणि डे मॉइन हे सामन माशांचे ओढे वाहतात. तिथल्या स्वच्छ जल कायद्यात पाणथळ जागी भराव टाकायला सैन्याच्या अभियंता विभागाची परवानगी लागते, आणि त्याआधी राज्याने ‘यामुळे आमच्या पाण्याची मानकं मोडणार नाहीत’ असं वेगळं प्रमाणपत्र द्यावं लागतं. २००१ मध्ये राज्याने ते दिलं. आसपासच्या शहरांनी एकत्र येऊन त्याविरुद्ध अपील केलं. बाहेरून आणलेल्या मातीत विषारी द्रव्यं असतील तर ती झिरपून ओढ्यात जातील का, उन्हाळ्यात ओढ्यांचं पाणी घटेल का, यावर सुनावणी झाली. २००२ मध्ये अपील मंडळाने प्रमाणपत्र ठेवलं, पण जादा अटींसह. २००४ मध्ये प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. धावपट्टी नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली.

म्हणजे तिथंही धावपट्टी थांबली नाही. पण भरावाची माती कुठून आणली आणि तिच्यात काय आहे, हे ट्रक येण्याआधी तपासायची सक्ती झाली. आपल्याकडे भरावाच्या मातीबद्दल हा प्रश्न मी क्वचितच ऐकला आहे.

आग विझवायच्या फेसाचं काय?

इंधनाची आग विझवायला विमानतळांवर वर्षानुवर्षं जो फेस वापरला गेला, त्यात फ्लोरिनयुक्त रसायनं होती. ती निसर्गात जवळजवळ विघटित होत नाहीत. सरावाच्या जागेवरून ती भूजलात उतरतात. स्वीडनमध्ये रॉनेबीजवळच्या कालिंगे इथं हवाई दलाच्या तळावरच्या फेसाने पिण्याचं पाणी दूषित झालं, हे २०१३ च्या शेवटी उघड झालं. लोक अनेक वर्षं ते पाणी पीत होते. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रक्तातलं या रसायनाचं वाढलेलं प्रमाण हीच शारीरिक इजा मानली.

आपल्या २०१२ च्या आय.एस. १०५०० मानकात या रसायनांची मर्यादा दिलेली नाही, त्यामुळे साध्या तपासणीत ती दिसणारच नाहीत. मागणी सोपी आहे: फ्लोरिनविरहित फेस वापरा, सरावाची जागा पक्क्या तळाची करा, तिथलं पाणी वेगळं गोळा करा. हे सगळं आराखड्यात आधी बसवायला फारसा खर्च नाही. भूजल एकदा बिघडलं तर ते कोणी स्वच्छ करून देत नाही.

तुम्ही विमानतळाच्या विरोधात आहात का?

मला विहिरीची काळजी आहे. विमानतळ हवा म्हणणाऱ्यालाही पाणी प्यावंच लागतं.

नुकसान होऊन गेलंय. बोअर आटली, शेतात गाळ आला. आता काही मिळेल का?

मार्ग आहे. हरित लवाद कायद्याच्या कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचा अर्ज पाच वर्षांच्या आत करता येतो. कलम १४ खालच्या (पर्यावरणाचे कायदे मोडल्याच्या) वादाला मात्र मुदत सहा महिन्यांची आहे, म्हणून दोन्ही गोष्टी मागायच्या असतील तर पाच वर्षांच्या भरवशावर राहू नका. लवाद अशा प्रकरणांत बऱ्याचदा मंडळ, जिल्हाधिकारी वगैरेंची संयुक्त समिती पाहणीला पाठवतो. समिती येईल त्या दिवशी विहिरींची वही, तलाठ्याचा पंचनामा, सातबाऱ्यावरची पिकाची नोंद, मंडळाला दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या आणि प्रयोगशाळेचे अहवाल एका फायलीत, तारखेच्या क्रमाने तयार ठेवा. पंचनामा गाळ बसल्यावर लगेच करून घ्या, नांगरणी झाली की पुरावा जातो. आणि अर्ज शक्यतो एकट्याने करू नका. एकाच ओढ्यावरच्या वरच्या आणि खालच्या वाडीने मिळून केला तर पाणी कुठून बिघडलं हे दाखवणं सोपं जातं.